सुई एकाच्या हाती, खरेदी दुसऱ्याच्या हाती

गुंतवणूक : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात वैद्यकीय साधने बनवणाऱ्या कंपन्यांविषयी लिहिताना सुरक्षा-सुईचा, म्हणजे वापरल्यावर टोक झाकले जाणाऱ्या किंवा आत ओढले जाणाऱ्या सुईचा, ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे लागले. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि लेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : मी बावीस वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे. काही वर्षांपूर्वी रक्ताचा नमुना घेतल्यावर सुईला टोपण लावताना ती माझ्याच बोटात घुसली. पुढचे सहा महिने प्रत्येक तपासणीच्या आदली रात्र कशी काढली, ते माझे मला ठाऊक. सुदैवाने काही झाले नाही. आता आमच्याकडे काम झाल्यावर झाकल्या जाणाऱ्या सुया येतात. निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशांतला काही भाग अशा सुया बनवणाऱ्या कंपन्यांच्या समभागांत घालावा, असे मनात आहे. वस्तू मला माहीत आहे, तिची गरज कधी संपणार नाही आणि तिच्यामुळे माझ्यासारख्यांचा जीव वाचतो. हा विचार बरोबर आहे का?

उत्तर : तुमच्या तीनही म्हणण्यांत चूक काढता येत नाही, आणि तरीही त्यांतले एकही समभाग घेण्याचे पुरेसे कारण होत नाही. याचे मूळ या वस्तूच्या खरेदीच्या विचित्र रचनेत आहे. सुई टोचते ती परिचारिकेला, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला किंवा कचरा उचलणाऱ्या कामगाराला. कोणती सुई घ्यायची ते ठरवतो खरेदी विभाग. आणि पैसे जातात ते रुग्णालयाच्या अशा खात्यातून, ज्याला टोचल्यानंतरच्या तपासण्यांचा आणि औषधांचा खर्च बहुधा दिसतच नाही, कारण तो दुसऱ्याच खात्यावर पडतो. ज्याला वस्तूची निकड आहे त्याच्या हाती पैसा नाही आणि ज्याच्या हाती पैसा आहे त्याला निकड जाणवत नाही, अशा ठिकाणी मागणी आपोआप उभी राहत नाही. ती कायद्याने उभी करावी लागते.

या धंद्याचा इतिहास नेमका तसाच घडला आहे. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे ३ असते, तर हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्या माणसाला त्या रोगाची लागण होण्याची शक्यता शेकडा ६ ते ३० इतकी मोठी असते. व्हर्जिनिया विद्यापीठातील जॅनिन जॅगर यांनी १९८८ मध्ये एका रुग्णालयातल्या इजांची साधनांनुसार मोजणी करून दाखवून दिले, की वापरल्यानंतर सुटी करावी लागणारी साधने अधिक टोचतात. तोवर सगळा दोष परिचारिकेच्या हलगर्जीपणावर टाकला जात असे. या मोजणीने तो साधनाच्या रचनेकडे वळवला. आवरणाच्या आणि आत ओढल्या जाणाऱ्या सुयांच्या कल्पना त्या सुमारास पुढे येऊ लागल्या होत्या, परंतु रुग्णालये त्या फारशी घेत नव्हती, कारण साधी सुई कितीतरी स्वस्त पडत होती. १९९१ मध्ये अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा यंत्रणेने रक्तातून पसरणाऱ्या रोगांविषयी नियम केले, तरी चित्र फारसे पालटले नाही. मग १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि ६ नोव्हेंबर २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या स्वाक्षरीने साऱ्या देशासाठी कायदा झाला. या कायद्याने मालकावर तीन बंधने घातली : बाजारात आलेल्या सुरक्षित साधनांचा दरवर्षी विचार करून तसे लेखी नोंदवायचे, निवड करताना प्रत्यक्ष वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांचे मत घ्यायचे आणि प्रत्येक इजेची नोंद ठेवायची. अमेरिकी रुग्णालयांतल्या अशा इजा कायद्यानंतर सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्याचे जॅगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. युरोपीय संघाने २०१० मध्ये तशाच स्वरूपाचा निर्देश काढला आणि सदस्य देशांना मे २०१३ पर्यंतची मुदत दिली.

आता याच घटनांकडे भागधारकाच्या नजरेने पाहा. कायदा झाला की रुग्णालये साध्या सुया सोडून सुरक्षा-सुया घेऊ लागतात. इंजेक्शनांची संख्या तेवढीच राहिली, तरी प्रत्येक सुईची किंमत वाढलेली असते, म्हणून विक्री झपाट्याने चढते. ती काही वर्षे कंपन्यांच्या सुगीची असतात. एकदा बहुतेक रुग्णालये बदलून झाली, की पुढची वाढ केवळ इंजेक्शनांच्या संख्येइतकी उरते, आणि आजवर सुरक्षेविषयी बोलणारा खरेदी विभाग पुन्हा दराविषयी बोलू लागतो. कायद्याने आणलेली मागणी अशी एका देशात एकदाच येते. गरज कधी संपणार नाही हे तुमचे म्हणणे खरे आहे. टाचणीची गरजही कधी संपलेली नाही, पण म्हणून टाचण्यांच्या कारखान्यात कोणी निवृत्तीचे पैसे ठेवत नाही. एखाद्या देशात कायदा होऊ घातला आहे की होऊन पंधरा वर्षे उलटली आहेत, हा प्रश्न म्हणूनच कंपनीच्या नावाआधी विचारायचा असतो.

आणखी एक गोष्ट थोडी वैयक्तिक वाटेल, तरी लिहितो. तुमचा पगार याच क्षेत्रातून येतो, निवृत्तिवेतनाचा काही भागही बहुधा तेथूनच येणार. रुग्णालये खर्चकपात करू लागली, की त्याची झळ नोकरीला आणि या समभागांना एकाच वेळी लागू शकते. तेव्हा गुंतवायचेच असेल, तर ज्या रकमेचे निम्मे झाले तरी निवृत्तीचा बेत बदलावा लागणार नाही, तेवढीच रक्कम घाला.

प्रश्न : मोठ्या कंपन्यांच्या उलाढालीत सुरक्षा-सुईचा वाटा लहान असतो. तर मग जिचा सगळा धंदाच या सुईवर उभा आहे, अशा छोट्या कंपनीचे समभाग घेणे अधिक शहाणपणाचे नाही का? कल्पना चालली तर फायदाही मोठा होईल.

उत्तर : हा प्रश्न कागदावर इतका निर्विवाद वाटतो, की त्याला खऱ्या कंपन्यांच्या हकिकतींनीच उत्तर द्यायला हवे.

टेक्सासमधील लिटल एल्म येथे रिट्रॅक्टेबल टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी आहे. थॉमस शॉ या अभियंत्याने तिची स्थापना केली. तिच्या व्हॅनिशपॉइंट सिरिंजचा दट्ट्या शेवटपर्यंत दाबला, की सुई रुग्णाच्या शरीरातून थेट नळीच्या आत ओढली जाते. उघडे टोक बाहेर राहतच नाही. कल्पना उत्तम होती यात वाद नाही. अडचण आली ती दाराशी. अमेरिकेतील रुग्णालये बरीचशी खरेदी सामूहिक खरेदी संस्थांमार्फत करतात. अनेक रुग्णालयांच्या वतीने दर ठरवणाऱ्या या संस्थांना शुल्क मिळते ते विक्रेत्यांकडून, आणि अशा शुल्काला तिथल्या संसदेने १९८६ मध्ये दलालीविरोधी कायद्यातून सूट दिलेली आहे. विक्रेत्याकडून पैसे घेऊन ग्राहकाची बाजू सांभाळायची, ही व्यवस्था मला कधीच नीट पचलेली नाही. पण ती कायदेशीर आहे आणि गुंतवणूकदाराने ती गृहीत धरूनच हिशेब करायला हवा. ज्या मोठ्या पुरवठादाराकडे सुयांबरोबर शंभर इतर वस्तू आहेत, तो सगळ्यांवर मिळून सवलत देऊ शकतो. एकच वस्तू विकणारा छोटा उत्पादक त्या सवलतीला उत्तर देऊ शकत नाही, मग त्याची वस्तू कितीही चांगली असो.

शॉ यांच्या कंपनीने १९९८ मध्ये बेक्टन डिकिन्सन ही बलाढ्य कंपनी आणि दोन मोठ्या खरेदी संस्था यांच्यावर बाजारपेठ अडवल्याचा दावा लावला. खरेदी संस्थांशी २००३ मध्ये तडजोड झाली आणि २००४ मध्ये बेक्टन डिकिन्सनने १० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. २००७ मध्ये दुसरा दावा उभा राहिला. त्यात २०१३ मध्ये ज्यूरीने ११ कोटी ३५ लाख डॉलरची भरपाई ठरवली. स्पर्धाविषयक कायद्यानुसार ती तिप्पट होते, म्हणजे सुमारे ३४ कोटी डॉलर. समभागधारकांना किती आनंद झाला असेल, याची कल्पना करा. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायालयाने ती भरपाई रद्द केली. बेक्टन डिकिन्सनने आपली सुई जगातली सर्वांत तीक्ष्ण असल्याची जाहिरात केली होती आणि ती खोटी ठरली, हा निष्कर्ष कायम राहिला. पण केवळ खोट्या जाहिरातीने स्पर्धा-कायद्याचा भंग होत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. खोट्या जाहिरातीबद्दलही अखेर एक डॉलर मिळाला नाही, आणि २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले. पहिल्या दाव्यापासून एकवीस वर्षे! त्या काळात ज्याने हा समभाग बाळगला, त्याने प्रत्यक्षात सुईवर पैसे लावले नव्हते, तर निकालांवर लावले होते.

इतरांच्या वाटा वेगळ्या, पण शेवट ओळखीचे आहेत. कनेटिकटमधील बायो-प्लेक्सस कंपनीने अशी सुई काढली, की ती शिरेतून बाहेर काढण्यापूर्वीच आतली बोथट नळी पुढे सरकून टोकाची धार मारते. कल्पना इतकी सुरेख आहे की वाचताना कौतुक वाटते. मात्र कायद्याची सुगी सुरू होत होती नेमक्या त्या वेळी, २००१ मध्ये, कंपनीला दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली कर्जाची फेरमांडणी करावी लागली आणि २००२ मध्ये आयसीयू मेडिकलने ती विकत घेतली. युनिलाइफ या कंपनीने औषध आधीच भरलेल्या आणि सुई आत ओढून घेणाऱ्या सिरिंजचा ध्यास घेतला. सनोफीसारख्या मोठ्या औषध कंपनीशी करार झाला, २०१० मध्ये नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात नोंदणी झाली, पुढे बड्या नावांची भर पडत गेली. करारांच्या घोषणांच्या मानाने हाती येणारी विक्री मात्र तोकडीच राहिली, आणि एप्रिल २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

या हकिकतींतून ‘छोटी कंपनी नको’ असा नियम मी काढणार नाही. एवढेच म्हणेन, की अशा कंपनीत सुई कशी चालते यापेक्षा तीन गोष्टी आधी पाहाव्यात : रुग्णालयाच्या कोठीपर्यंत पोहोचण्याचा करार तिच्या हाती आहे का, पेटंटांची किती वर्षे उरली आहेत आणि नव्या भांडवलासाठी ती किती वेळा नवे समभाग काढते. तिसऱ्या गोष्टीकडे फार थोडे लोक पाहतात. कंपनी वाढत असते, पण दरवर्षी नव्या समभागांमुळे तुमचा वाटा झिजत असतो.

प्रश्न : मग मोठ्या कंपन्यांबद्दल काय सांगाल?

उत्तर : मोठी कंपनी घेतली की सुई तिच्यात विरघळून जाते. १८९७ मध्ये स्थापन झालेली बेक्टन डिकिन्सन ही सुया आणि सिरिंजांच्या क्षेत्रातली अग्रगण्य कंपनी आहे. पण २०२४ मध्ये तिची वार्षिक विक्री २००० कोटी डॉलरच्या आसपास होती, आणि तीत औषधपंप, प्रयोगशाळांची यंत्रे आणि २०१७ मध्ये सुमारे २४०० कोटी डॉलरला घेतलेली बार्ड कंपनी, असे सगळेच आले. अलॅरिस या तिच्या औषधपंपातील त्रुटींमुळे २०२० मध्ये त्याची नेहमीची विक्री थांबली, ती नव्या मंजुरीनंतर २०२३ मध्ये पुन्हा सुरू होऊ शकली. सुईसाठी समभाग घेतलेल्या माणसाची तीन वर्षे अशा रीतीने पंपाची बातमी वाचण्यात गेली असणार. जपानच्या तेरुमोमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांवरील उपचारांची साधने हा सर्वांत मोठा भाग आहे. जर्मनीच्या बी. ब्राऊनची सलाईनसाठीची सुरक्षित सुई अनेक परिचारिकांच्या रोजच्या वापरात असेल, पण ती कंपनी कुटुंबाच्या मालकीची आहे आणि तिचे समभाग बाजारात मिळत नाहीत. हातातली वस्तू आवडली म्हणजे तिची मालकी विकत घेता येतेच, असे नाही.

थोडक्यात, मोठी कंपनी घ्यायची तर ती संपूर्ण कंपनी म्हणून पटली पाहिजे. सुरक्षा-सुई हे तिच्याकडे लक्ष जाण्याचे निमित्त ठरू शकते, त्याहून अधिक नाही.

एक पोटप्रश्न मात्र मला अधिक रंजक वाटतो. औषध आधीच भरलेल्या सिरिंजा आणि पेने यांचे प्रमाण वाढत आहे, आणि रुग्ण घरी स्वतः इंजेक्शन घेऊ लागले आहेत. अशा साधनात सुईचे संरक्षण वेगळे विकले जात नाही. ते औषधाच्या वेष्टनाचाच भाग होऊन येते. तेथे खरेदी विभागाशी दरासाठी झगडावे लागत नाही. औषध कंपनी साधन एकदा निवडते, त्यासह औषधाला मंजुरी मिळवते आणि नंतर सहसा बदलत नाही, कारण बदलायचे तर चाचण्या आणि मंजुरीची कटकट पुन्हा करावी लागते. बेक्टन डिकिन्सनने २०१२ मध्ये सेफ्टी सिरिंजेस ही कंपनी विकत घेतली ती याच दिशेने. वेस्ट फार्मास्युटिकल किंवा २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात आलेली स्टेव्हानाटो यांच्यासारखे पुरवठादारही याच साखळीत बसतात. सुईच्या धंद्यातली टिकाऊ कमाई रुग्णालयाच्या कोठीपेक्षा औषधाच्या कारखान्यात असण्याचा संभव मला जास्त दिसतो. अर्थात औषध कंपन्या कधी भरमसाट साठा करून ठेवतात आणि मग वर्षभर नवी मागणी नोंदवत नाहीत. महासाथीनंतर हा अनुभव या पुरवठादारांनी चांगलाच घेतला.

प्रश्न : मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. सगळ्या सुरक्षा-सुया सारख्याच सुरक्षित असतात का? चांगल्या सुईची कंपनी ओळखण्यासाठी माझ्या अनुभवाचा उपयोग होईल का?

उत्तर : सारख्या मुळीच नसतात. एका प्रकारात वापरणाऱ्याने अंगठ्याने आवरण पुढे ढकलावे लागते किंवा बिजागरीचे झाकण पाडून ते बसल्याचा ‘टक्’ आवाज ऐकावा लागतो. दुसऱ्या प्रकारात काम संपताच संरक्षण आपोआप बसते. घाईत, रुग्ण हात झटकत असताना, पहिल्या प्रकारातली क्रिया राहून जाते. फ्रान्समधील ६१ रुग्णालयांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आपोआप चालणाऱ्या साधनांपासून होणाऱ्या इजा सर्वांत कमी आढळल्या होत्या. म्हणून कायदा पाळला जाणे आणि इजा टळणे यांत अंतर राहते : दोन्ही प्रकारच्या सुया कायद्याच्या दृष्टीने ‘सुरक्षित’ ठरतात आणि खरेदी विभागाला त्यांतली स्वस्त पुरेशी होते.

दोष नेहमी सुईतच असतो असेही नाही. बोस्टनच्या परिचारिका कॅरन डेली यांना १९९८ मध्ये सुई टोचली ती टाकाऊ सुयांच्या डब्यातून, आणि त्यातून त्यांना एचआयव्ही व हिपॅटायटिस सी यांची लागण झाली. त्यांनी पुढे अमेरिकेच्या कायद्यासाठी प्रचार केला आणि २०१० मध्ये त्या तेथील परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. सुई टाकण्याचे डबे आणि ते नेण्याची सेवा हाही एक धंदा आहे, आणि ज्यांना या क्षेत्रात रस आहे त्यांनी तोही पाहावा.

तुमच्या अनुभवाचा उपयोग नक्की होईल, पण त्याला मर्यादा घालून घ्या. नळीत उरणाऱ्या औषधाचा विचार करा. सिरिंज रिकामी झाल्यावर टोकाशी उरलेल्या जागेत थोडे औषध अडकून राहते. हा तपशील एरवी कोणी विचारात घेत नसे. २०२१ मध्ये लशीच्या एका कुपीतून पाच मात्रा निघतात की सहा, हे त्याच जागेवर ठरू लागले आणि कमी जागा सोडणाऱ्या सिरिंजांसाठी धावपळ झाली. असे काही तुमच्या नजरेला बाजाराच्या आधी पडू शकते. मात्र एखादे साधन तुम्हाला आणि तुमच्या सहकाऱ्यांना आवडत असूनही वर्षभरात ते येणे बंद झाले, तर खरेदीचा करार कोणाशी झाला ते विचारा. कंपनीविषयीची उपयुक्त माहिती त्या उत्तरात अधिक सापडेल.

प्रश्न : जगातल्या अनेक देशांत अजून साध्या सुयाच वापरल्या जातात. म्हणजे खरी वाढ पुढेच नाही का?

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०१५ मध्ये सर्व देशांना २०२० पर्यंत सुरक्षित सिरिंजांकडे वळण्याचे आवाहन केले, तेव्हा अनेकांनी असाच हिशेब मांडला होता. जगात वर्षाला सुमारे १६०० कोटी इंजेक्शने दिली जातात, त्यांतला थोडासा भाग जरी बदलला तरी केवढी विक्री, असा तो हिशेब. त्याच निवेदनातला दुसरा आकडा मात्र मागे राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत घेतलेली साधी सिरिंज ३ ते ४ सेंटला पडत होती आणि नवी किमान दुप्पट किमतीला. ज्याचे अंदाजपत्रक आधीच अपुरे आहे त्याला दुप्पट दर परवडायचा, तर उत्पादकाचा नफा कापूनच तो दर खाली येणार. शिवाय त्या आवाहनाचा मुख्य रोख एकच सिरिंज पुन्हा वापरली जाऊ नये याकडे होता. दुसऱ्यांदा वापरताच न येणारी सिरिंज रुग्णाला वाचवते. परिचारिकेचे बोट वाचवणारे आवरण तिच्यात असेलच असे नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘सुरक्षित’ हा शब्द दिसला, की कोणासाठी सुरक्षित ते तपासा.

प्रश्न : इतरांच्या धोक्यावर नफा कमावणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे का?

उत्तर : धोका कमी करून मिळालेल्या नफ्यात मला गैर काही दिसत नाही. गैर दिसते ते दुसरे : समभाग बाजारातून घेतला की तो पैसा आधीच्या भागधारकाला जातो, सुईच्या संशोधनाला नव्हे, हे न सांगता पुण्याच्या नावावर समभाग खपवणे. आरोग्य कर्मचाऱ्यांना मदत करायची इच्छा असेल, तर ती या खरेदीतून पूर्ण होत नाही.

प्रश्न : टेक्सासच्या रिट्रॅक्टेबल टेक्नॉलॉजीज या कंपनीचे समभाग मी फेब्रुवारी २०२१ मध्ये वीस डॉलरच्या आसपास घेतले. लसीकरण जगभर चालणार होते, म्हणून सुया लागणारच, असा विचार केला. खरेदीची किंमत परत मिळेपर्यंत थांबावे का?

उत्तर : किंमत कशामुळे चढली होती ते आधी पाहू. २०२० च्या सुरुवातीला हा समभाग दोन डॉलरच्याही खाली होता. मे २०२० मध्ये अमेरिकी सरकारने कंपनीकडे ८ कोटी ३८ लाख डॉलरची मागणी नोंदवली आणि जुलैमध्ये देशातील उत्पादनक्षमता वाढवण्यासाठी आणखी ५ कोटी ३७ लाख डॉलर देऊ केले. विक्री २०१९ मधील सुमारे ४.२ कोटी डॉलरवरून २०२१ मध्ये सुमारे १८.८ कोटींवर गेली, २०२२ मध्ये निम्मी झाली आणि २०२३ मध्ये सुमारे ४.४ कोटींवर आली, म्हणजे जिथून निघाली जवळपास तिथेच. समभागही वर्षअखेर एक डॉलरच्या आसपास उतरला. सुया लागणारच हा तुमचा तर्क खरा ठरला. चुकले ते एवढेच, की एका खरेदीदाराने एकदा केलेल्या खरेदीला तुम्ही दरवर्षीचे उत्पन्न समजलात. तुम्ही एकटे नव्हता.

वीस डॉलरची वाट पाहणे म्हणजे तशाच आणखी एका महासाथीची आणि तशाच सरकारी मागणीची वाट पाहणे होय. त्यापेक्षा आजची कंपनी तपासा. तिचा बराच माल चीनमधील उत्पादकांकडून येत असे. अमेरिकेने सप्टेंबर २०२४ मध्ये चिनी सिरिंजा आणि सुयांवरील आयात शुल्क १०० टक्क्यांवर नेले. त्याआधी, नोव्हेंबर २०२३ पासून, तेथील औषध प्रशासन चिनी बनावटीच्या प्लॅस्टिक सिरिंजांच्या दर्जाविषयी इशारे देतच होते. ज्या उत्पादकाचा कारखाना देशात आहे त्याला हे शुल्क भिंतीसारखे राखते. जो बाहेरून माल आणतो त्याच्यावर तीच भिंत कोसळते. ही कंपनी दोन्हीकडे पाय ठेवून आहे, आणि सरकारी पैशाने आणलेली यंत्रे ती किती लवकर आणि किती स्वस्तात चालवू शकते, यावर सगळे अवलंबून आहे.

तिचा ताजा वार्षिक अहवाल घ्या आणि त्यात देशांतर्गत उत्पादनाचा वाटा, एकूण नफ्याचे प्रमाण, सर्वांत मोठ्या तीन ग्राहकांवरचे अवलंबन आणि हाती असलेली रोकड एवढे चार आकडे काढा. रोकडीला वार्षिक तोट्याने भागा, म्हणजे किती वर्षांचा श्वास उरला आहे ते कळेल. देशांतर्गत वाटा आणि नफ्याचे प्रमाण ही दोन्ही वर्षागणिक वाढत असतील, तर थोडे समभाग ठेवायला हरकत नाही. दोन्ही घटत असतील, तर विका, आणि तो तोटा तुमच्या करविवरणात इतर नफ्यासमोर वळता करता येतो का, हे करसल्लागाराला त्याच आठवड्यात विचारून घ्या.